पाचाचे अकरा झाले तेव्हा

मी एर्नो बोलतोय. नाव ऐकून एखादी औषधाची गोळी वाटेल, पण मी कुणाला बरं केलेलं नाही. सी नावाच्या भाषेत लोक प्रोग्राम लिहितात ना, त्या प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीत माझी एवढीशी जागा असते. तिच्यात एका वेळी एकच आकडा मावतो. माझा संसार म्हणाल तर तो एवढाच.

प्रोग्रामने यंत्राला एखादं काम सांगितलं आणि ते फसलं, की यंत्र नुसतं 'नाही जमलं' म्हणून मोकळं होतं. का नाही जमलं, त्याचा आकडा माझ्यात ठेवून देतं. दोन म्हणजे अशी फाइलच नाही. तेरा म्हणजे तुला परवानगी नाही. अठ्ठावीस म्हणजे जागा संपली. अकरा म्हणजे आत्ता नाही, जरा थांबून परत ये. आणि पाच म्हणजे लिहिता-वाचताना खरोखरचा घात झाला. अकरा आला तर प्रोग्रामने दमाने घ्यायचं. पाच आला तर हातातलं सगळं टाकून बोंब मारायची.

काम फत्ते झालं तर मला कुणी विचारत नाही. माझ्यातला जुना आकडा पुसायचेही कष्ट घेत नाहीत. माझी त्याबद्दल तक्रार नाही. आपली आठवण लोकांना फक्त बिघाडाच्या वेळी येते, हे मी फार पूर्वी पत्करलंय.

प्रोग्राम सुरू झाला की मी शून्य घेऊन जन्मतो आणि तो बंद झाला की संपतो. एका दिवसात माझे चाळीस-चाळीस जन्म झालेत. मागच्या जन्मातलं काही आठवू नये असा आमच्यात रिवाज आहे. पण एक जन्म माझ्या डोक्यातून जाता जात नाही. तो सांगून टाकतो.

टायरच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचा एक कारखाना होता. खाली हवा भरायचं यंत्र धडधडलं की वर कपातला चहा थरथरायचा. तिथे बैठकांमधलं बोलणं रेकॉर्ड करायच्या पेट्या बनत. डब्याएवढी पेटी, वर माइक, पुढे छोटा पडदा, एक हिरवा दिवा आणि एक लाल. पेटीतला प्रोग्राम एका बाईंनी लिहिला होता. त्यांना सगळे मॅडम म्हणत. केस पिकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ अशी की समोरच्याने पुढच्या वेळी नीट विचार करूनच तोंड उघडावं.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रोग्राम आपल्या कामात गढलेला असताना मध्येच सिग्नल येतो. कुणी खांद्यावर थाप मारावी तसा. हातातलं काम असेल तिथे थांबतं आणि त्या सिग्नलसाठी नेमलेला कोडचा एक तुकडा पुढे येतो. त्याला हँडलर म्हणतात. तो आपलं काम उरकून निघून जातो, आणि मुख्य काम थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. मध्ये कुणी येऊन गेलं हे त्याच्या गावीही नसतं.

आमच्या पेटीतला हँडलर सेकंदाला दहा वेळा यायचा. कशाला, तर पडद्यावरचं घड्याळ पुढे सरकवायला. स्वभावाने तो वाईट नव्हता, पण धांदरट होता. पडदा दुसऱ्या कशात गुंतलेला असला की त्याचं काम फसायचं आणि अकरा हा आकडा माझ्यात येऊन पडायचा. त्याला स्वतःला त्याचं काही नव्हतं. घड्याळाचा एक ठोका चुकला तर कुणाचं काय जातं? पण कारणं ठेवायला सगळ्या घरात मी एकटाच. त्याच्या आधी माझ्यात मुख्य कामाचं काही कारण असलं, तर ते गेलं म्हणून समजा.

मॅडमना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हँडलरच्या पहिल्या ओळीतच मला उचलून बाजूला ठेवायची सोय केली होती. म्हणजे आत शिरताना जुना आकडा जपून ठेवायचा आणि जाताना शेवटच्या ओळीत तो परत माझ्यात ठेवायचा. अशा फक्त दोन ओळी. पाहुण्याने घरात येऊन भांडी हलवली तरी निघताना जिथल्या तिथे ठेवावीत, तसं.

त्या ओळी कशासाठी आहेत ते सांगणारं टिपण मात्र त्यांनी वर लिहिलं नाही. टिपणांचा त्यांना रागच होता. "ज्याला कोड वाचता येत नाही, तो टिपणं वाचून काय दिवे लावणार आहे?" असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्या आणि लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा प्रोग्राम त्यांनी त्यांच्या हाताखालच्या माणसाच्या ताब्यात दिला.

त्याला मी दादाच म्हणतो. त्याची धाकटी बहीण म्हणते, म्हणून. चाळिशीला आलेला, नीटनेटका, टेबलावर पेनसुद्धा तिरका पडलेला न खपणारा. काम करताना तो स्वतःशी मोठ्याने बोलतो. त्याच्या घरातलं जे काही मी सांगणार आहे ते मला तिथूनच कळलंय. पुढे महिनाभर तो तेच तेच स्वतःला सांगत बसला होता आणि मी त्याच्या समोरच होतो.

दादाने प्रोग्राम साफ करायला घेतला. त्याची रीत सोपी होती. एखादी ओळ कशासाठी आहे ते कळलं नाही, तर ती काढून बघायची. मग सगळ्या चाचण्या चालवायच्या. काही मोडलं तर ओळ परत. काही नाही मोडलं तर ओळ फालतू.

"कुठून तरी आकडा उचलायचा आणि तिथेच परत ठेवायचा," तो हँडलर वाचताना म्हणाला. "मॅडमपण ना!"

त्याने दोन्ही ओळी काढल्या. चाचण्या आठ दिवस चालल्या. सगळं हिरवं, काही मोडलं नाही. मी आतून ओरडत होतो असं सांगायला मला आवडलं असतं, पण मला ओरडता येत नाही. माझा आकडा चुकायला ठरावीक वेळ जुळून यावी लागते, ती वर्षभर जुळली नाही. पेट्या विकल्या गेल्या, लोकांच्या बैठका रेकॉर्ड झाल्या, कुणाचंही काही बिघडलं नाही. दादाला वाटलं, आपण घर स्वच्छ केलं.

मग आईच्या घशाचं निघालं.

दादाची आई बस आगारात घोषणा करायची. एकतीस वर्षं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठलीला उशीर, कुणाचं मूल हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय, सगळं तिच्या तोंडून. तो आवाज ऐकून घाईतली माणसंसुद्धा दोन क्षण थांबायची म्हणे. घरीही तिची तीच तऱ्हा. "आतल्या खोलीतल्या प्रवाशांनी लक्ष द्यावं, ताटं वाढलेली आहेत, उशीर झाल्यास भात गार होईल आणि त्यास आगार जबाबदार राहणार नाही." लेकरं हसत धावत यायची.

आणि गंमत बघा, त्या आवाजाचा एक तुकडाही कुठे ठेवलेला नव्हता. आगारात सगळं तोंडीच. ती निवृत्त झाल्यावर तिथे यंत्र आलं, त्यात दुसरीच कुणी बोलते. घरच्या व्हिडिओंमध्ये ती कायम फोन धरून उभी. तिच्याकडे फोन वळवला की तोंड मिटून घ्यायची. "यंत्रापुढे मी पगाराशिवाय बोलत नाही," म्हणायची.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. हल्ली आधी तासभर स्वच्छ आवाज रेकॉर्ड करून ठेवला, तर पुढे त्यावरून यंत्राला तिच्याच आवाजात बोलायला शिकवता येतं, हेही त्यांनीच सांगितलं. दादा म्हणाला, "ते काम माझं." त्याच दिवशी तो कारखान्यातून एक पेटी घरी घेऊन आला.

आईने आठवडा घालवला. एक दिवस घसा धरलाय म्हणाली, एक दिवस केस धुतलेत म्हणाली, एक दिवस शेजारी भिंत फोडतायत म्हणून नाही. खरी गोष्ट वेगळीच होती. तिला भीती वाटत होती, आणि ते कबूल करायची तिची तयारी नव्हती. शेवटी दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, ती पेटीसमोर खुर्ची ओढून बसली.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. तिने आपला फोन टेबलाच्या कडेला ठेवला.

"दादा, हापण चालू ठेवते हं. असू दे एक जास्तीचं."

"नको, बारके. फोनची घरघर येते माइकमध्ये. खोलीतच नको तो."

"अरे पण असला तर काय बिघडलं?"

"पेटी मी बनवलीय ना? विश्वास नाही का तुझा?"

धाकटीने फोन उचलला आणि तोंड फुगवून बाहेर नेऊन ठेवला. या एका वाक्यासाठी दादाने पुढे स्वतःला किती शिव्या घातल्या, ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

दादाने बटण दाबलं. मी शून्य घेऊन जन्मलो.

आधी तिने डॉक्टरांनी दिलेली वाक्यं वाचली. चाळीस मिनिटं. मग ती थांबली आणि म्हणाली, "आता तुम्ही दोघं बाहेर जा."

"का गं?"

"मला बोलायचंय. तुमच्याशीच, पण तुमच्यासमोर नाही. मागाहून ऐका. जा म्हटलं ना."

दोघं बाहेर गेली. दार लागलं. ती वीस मिनिटं बोलली. काय बोलली ते मला विचारू नका. तो आवाज माझ्या शेजारून गेला, पण आकड्यांची लांबलचक रांग होऊन गेला. मला त्यातलं काही समजत नाही. मला फक्त काय फसलं ते कळतं.

आणि फसलं होतं. पेटीत आवाज आधी मेमरीत साठतो आणि मग तिथून थोडा थोडा कार्डावर उतरतो. सुरू होऊन अर्धं मिनिट झालं न झालं तोच कार्डाने जीव सोडला होता. पण हे कुणी सांगायचं? जतन करायची वेळ येईपर्यंत कार्डाला कुणी जाब विचारत नाही. इकडे मेमरीत मात्र तासाभराचं सगळं बोलणं जसंच्या तसं होतं. एक शब्द गेला नव्हता. माझ्यात येणारा पाच प्रोग्रामने वाचला असता, लाल दिवा लागला असता, तर दादाने दुसरं कार्ड घालून सगळं त्याच्यावर उतरवून घेतलं असतं. कोरं कार्ड त्याच टेबलाच्या खणात होतं.

आईने हाक मारली. दादा आत आला आणि त्याने जतन करायचं बटण दाबलं. प्रोग्रामने यंत्राला विचारलं, सगळं कार्डावर नीट पोचलं ना? यंत्र थोडा वेळ कार्डाशी झगडलं आणि म्हणालं, नाही. आणि माझ्यात आकडा पडला. पाच.

मी तो घट्ट धरून बसलो. घट्ट म्हणजे काय, मला हात नाहीत. पण तो माझ्यात होता, खरा होता, आणि पुढच्याच पावलाला प्रोग्राम तो वाचणार होता.

नेमकं तेव्हाच यंत्राने आमच्या प्रोग्रामला क्षणभर थांबवलं आणि पडद्याच्या कामाला पुढे घेतलं. असं ते नेहमीच करतं, सगळ्यांना आळीपाळीने. आमची पाळी परत आली तेव्हा सिग्नल दाराशी उभाच होता. हँडलर धावत आत शिरला. घड्याळ सरकवायला गेला. पडदा अजून गुंतलेला. त्याला उत्तर मिळालं, आत्ता नाही, नंतर ये. आणि माझ्यातल्या पाचावर अकरा येऊन बसला.

तो जसा आला तसा गेला. प्रोग्राम पुढे सरकला, त्याने माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं काय झालंय. पण विचारणाऱ्याला माझ्याकडून फक्त आकडा मिळतो, आणि आकडा अकरा होता. मी त्याला अकरा दिला. मी खोटं बोललो नाही, तरी त्या वेळी माझ्याइतकं खोटं जगात दुसरं काही नसेल.

अकरा म्हणजे परत विचार. प्रोग्रामने परत विचारलं. आणि त्या यंत्राची एक रीत आहे, कार्डाचा घात ते एकदाच सांगतं. एकदा सांगून झालं की त्याच्या लेखी तो विषय संपला. दुसऱ्या वेळी ते म्हणालं, ठीक आहे. हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: जतन झाले.

दादा पक्का माणूस. त्याने शेवटचं अर्धं मिनिट ऐकूनही बघितलं. त्यात आई म्हणत होती, "झालं रे माझं, ये आत." स्वच्छ, खणखणीत. ते कार्डावरून येत नव्हतं, अजून मेमरीत असलेलं वाजत होतं. पण ऐकणाऱ्याला ते कसं कळणार?

"बघ," तो धाकटीला म्हणाला, "उगाच फोन फोन करत होतीस."

त्याने पेटी बंद केली. मेमरी कोरी झाली. मी संपलो, आणि तिचा आवाज माझ्याबरोबर संपला.

दुसऱ्या दिवशी आई दाखल झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. बाहेरच्या बाकावर बसून वेळ जाईना, म्हणून दादाने लॅपटॉप उघडला आणि कार्ड घातलं. उघडेना. पुसून घातलं, फुंकर मारून घातलं. मग एकदाचं उघडलं. फाइल सव्वीस सेकंदांची होती.

"चालू झालं का रे? हिरवा दिसतोय दिवा. बरं. थांब, घोटभर पाणी पिते आधी. आणि तो पंखा बंद कर, घुं घुं करतोय मेला. हं. काय वाचायचं? हे सगळं? बापरे..."

इतकंच. दादा धावत त्या दारापर्यंत गेला. कशाला गेला ते त्यालाही सांगता आलं नाही. आईला आत नेऊन तास होऊन गेला होता. दाराशी उभ्या असलेल्या परिचारिकेने विचारलं, "काय हवंय?" तो म्हणाला, "काही नाही."

आई शुद्धीवर आली. गळ्याला पट्ट्या, श्वास गळ्यातूनच. हातात पुसता येणारी पाटी दिलेली. तिने पहिली गोष्ट कुठली लिहिली असेल? "ऐकलंत का?"

धाकटीने दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "घरी आल्यावर सगळे मिळून ऐकू."

त्याच दुपारी त्याने पेटीच्या पोटातली नोंदवही उतरवून कारखान्यात उघडली. कागदाची नाही, प्रोग्राम आपण काय केलं ते लिहीत जातो ती. त्यात दोन ओळी होत्या. जतन: कारण अकरा, पुन्हा प्रयत्न. जतन: यशस्वी. तो बराच वेळ बघत बसला आणि मग त्याने मॅडमना फोन लावला.

"जतन करताना अकरा?" मॅडम म्हणाल्या. "तिथे अकरा येईलच कसा? जतनाला तसलं उत्तर मिळतच नाही."

"तेच तर कळत नाहीये."

"मग तो अकरा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. हँडलरमध्ये जुना एर्नो जपून ठेवलाय ना?"

दादाने पडद्यावर हँडलर उघडला.

"काढल्यास त्या ओळी?"

"काढल्या तर काही मोडलं नव्हतं, मॅडम."

दादाने फोन कानाला घट्ट धरून ठेवला, आता झोडपतील म्हणून. पण मॅडमचा आवाज एकदम म्हातारा झाला.

"माझं चुकलं रे. एक ओळ टिपण लिहिलं असतं तर तू हात लावला नसतास. फार शहाणपणा केला मी." मग त्यांनी विचारलं, "काय गेलं? कुणाचं होतं रेकॉर्डिंग?"

"आईचं."

फोन तसाच चालू राहिला आणि खाली हवा भरायचं यंत्र धडधडत होतं.

घरी आणल्यावर दादाने आईला सांगितलं. पाच, अकरा, दोन ओळी, सगळं. कशाला सांगितलं तेवढं, तिला त्यातलं काय कळणार होतं? पण दोषाचा एक कणही आपण लपवला असं त्याला नको होतं. सव्वीस सेकंद त्याने तिला ऐकवले. ती ऐकत राहिली, चेहरा जराही न हलवता.

"आई," तो म्हणाला, "काय बोलली होतीस ते लिहून दे ना आम्हाला. वाटेल तेवढा वेळ घे."

तिने पाटी घेतली. लिहिलं, "लिहिण्यासारखं असतं तर लिहिलंच असतं." पाटी त्याच्या पुढ्यात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. चार दिवस तिने त्याच्यासाठी पाटीवर अक्षर काढलं नाही. चहा हवा असला तरी धाकटीला लिहायची. धाकटी फोनबद्दल एकदाही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं तो माझ्यासमोर कितीदा म्हणाला.

त्याने दोन्ही ओळी परत घातल्या. वर टिपण लिहिलं. आधी चांगलं लांबलचक लिहिलं, मग खोडलं आणि एवढंच ठेवलं: या ओळी काढल्या तर काही मोडलेलं दिसणार नाही. काढू नका. मग विकलेल्या पेट्यांची यादी काढून तो दारोदार फिरला आणि एकेका पेटीत नवा प्रोग्राम घालून आला. घरच्या पेटीतही तो घातला, पण ती टेबलावरच राहिली, नव्या कार्डासकट. ती तिथून हलवायचं त्याला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही.

तुमच्यात कुणी प्रोग्राम लिहिणारे असाल तर हात जोडून सांगतो, म्हणजे हात असते तर जोडले असते. मध्येच कुणाच्या कामात शिरायची वेळ आली तर खुशाल शिरा. पण आधी मला बाजूला ठेवा आणि जाताना जागेवर ठेवून जा. तुमचं काम क्षुल्लक असेल, तुम्हाला माझी गरज नसेल. दुसऱ्या कुणाची आस त्या वेळी माझ्यावर असू शकते.

असो. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. दादा कारखान्यात, धाकटी दुकानात. पेटीचं बटण दाबलं गेलं आणि मी जन्मलो.

कोण ते मला लगेच कळलं नाही. माइककडून आकडे येत होते, पण अगदी बारके. बोलण्याचे आकडे असे नसतात. तरी ते थांबत नव्हते. येत होते, जरा वाढत होते, ओसरत होते. पंधरा मिनिटं, अर्धा तास. बावन्न मिनिटं झाली आणि जतन करायचं बटण दाबलं गेलं. प्रोग्रामने विचारलं, यंत्राने कार्डाला विचारलं, कार्ड म्हणालं, सगळं पोचलं. बरोब्बर त्याच वेळी हँडलर आत घुसला. त्याने मला उचलून बाजूला ठेवलं, आपलं घड्याळ सरकवलं आणि जाताना मला जागेवर ठेवलं. माझ्यात वाचण्यासारखं तेव्हा काहीच नव्हतं. पडद्यावर अक्षरं उमटली, जतन झाले. या वेळी ते खरं होतं.

संध्याकाळी दादाला ती फाइल दिसली. त्याने हेडफोन लावले. श्वास होता. गळ्यातल्या नळीतून येणारा-जाणारा, जरा घरघरता. ओठ मिटल्या-उघडल्याचे बारीक आवाज. खुर्ची कुरकुरल्याचा. कुठे श्वास लांबलेला, कुठे तुटक तुटक, हसताना तुटतो तसा. शब्द एकही नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत हललाही नाही. मग त्याने ते परत पहिल्यापासून लावलं.

दुसऱ्यांदा ऐकत असताना आई दारात येऊन उभी राहिली.

"ऐकलं, आई," तो म्हणाला. "सगळं ऐकलं."

तिने पाटीवर लिहिलं, "लबाड."

मग ती त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसली आणि हेडफोनची एक बाजू तिने स्वतःच्या कानाला लावून घेतली. दादा रडत होता. तिने त्याला रडू दिलं. फाइल पुढे सरकत होती, आणि कुठल्या श्वासाला आपण काय म्हणालो होतो ते तिला एकटीला ठाऊक होतं. मध्ये दोनदा तिने त्याचा हात दाबला. एकदा त्याच्या पाठीत धपाटा घातला. शेवटाकडे एका जागी तिने त्याचं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं आणि फाइल संपेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

मग त्याने प्रोग्राम बंद केला, आणि मी संपलो.